सार्वजनिक आरोग्याचे आकडे आणि आलेख : कोल्हापुरात राहून या क्षेत्रात कसं उतरायचं?

पंचगंगाकाठ

सांख्यिकी, संगणकशास्त्र, भूगोल झालेली किंवा नर्सिंग-बीएएमएस केलेली बरीच मुलं सध्या एकच प्रश्न विचारतात : आरोग्याच्या डेटा व्हिज्युअलायझेशनमध्ये करिअर करायचंय, आधी पॉवर बीआय (अनेक आलेख एका पडद्यावर मांडणारं सॉफ्टवेअर) शिकू की पायथन (प्रोग्रामिंगची भाषा)? त्याचं उत्तर एकदाच सविस्तर लिहून ठेवावं म्हणून हा धागा. जाणकारांनी भर घालावी, माझं चुकलं तर दुरुस्त करावं.

सॉफ्टवेअर दोन-तीन महिन्यांत हाताला बसतं. खरा वेळ लागतो तो समोरच्या आकड्याचं कूळ ओळखायला. तो कुठल्या रजिस्टरातून आला, कोणी लिहिला, कुठल्या तारखेचा आहे आणि त्याला भागायचं कशाने? हे चार प्रश्न ज्याला पडतात त्याचा एक्सेलमधला साधा स्तंभालेखही तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या कामी येतो. ज्याला ते पडत नाहीत त्याचा देखणा डॅशबोर्ड आढावा बैठकीतल्या पहिल्याच प्रश्नाला अडतो.

म्हणून सुरुवात आकड्यांच्या वाटेपासून. आपल्या जिल्ह्यात बारा तालुके. खाली उपकेंद्र, त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं, वर सीपीआर म्हणजे कोल्हापुरातलं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. उपकेंद्राचा लोकसंख्येचा निकष मैदानी भागात ५,००० आणि डोंगराळ भागात ३,०००; प्राथमिक आरोग्य केंद्राचा ३०,००० आणि २०,०००. म्हणजे नदीकाठच्या सपाटीवरचं केंद्र आणि घाटमाथ्यावरचं केंद्र यांचे नुसते रुग्णसंख्येचे स्तंभ शेजारी उभे केले तर तुलना तिथेच फसते.

साथरोगांचं सर्वेक्षण आयडीएसपी या केंद्राच्या कार्यक्रमाखाली २००४ पासून चालतं आणि एप्रिल २०२१ पासून ते आयएचआयपी या पोर्टलवर आलं. त्यात तीन फॉर्म : 'एस' म्हणजे उपकेंद्राच्या कर्मचाऱ्याने लक्षणांवरून नोंदवलेला रुग्ण, 'पी' म्हणजे डॉक्टरांनी तपासून ठरवलेला संशयित, 'एल' म्हणजे प्रयोगशाळेने पक्का केलेला. एकच माणूस तिन्ही फॉर्मांत येऊ शकतो. तिन्हींची बेरीज करून 'एकूण रुग्ण' म्हणून मोठा आकडा वर लावणं ही नवख्यांची सर्वांत महागात पडणारी चूक. तिघांच्या रेषा वेगळ्या काढा, एकाखाली एक.

एचएमआयएस म्हणजे आरोग्य संस्थांनी दिलेल्या सेवांच्या नोंदींचं पोर्टल. ते महिन्याचं, संस्थानिहाय आणि एप्रिल ते मार्च या वर्षाचं. त्यात सेवा जिथे दिली तिथली नोंद होते. सीपीआरला सिंधुदुर्ग, रत्नागिरी, सांगली आणि सीमाभागातूनही रुग्ण येतात. त्यामुळे करवीर तालुक्यातल्या प्रसूतींना करवीरच्या अपेक्षित प्रसूतींनी भागलं की टक्केवारी शंभराच्या वर जाते आणि गगनबावड्याची उगाच घसरलेली दिसते. पोर्टल बिघडलेलं नसतं. भागाकारात वर एका जागेची माणसं असतात आणि खाली दुसऱ्या जागेची.

उजळाईवाडीवरून

चांगला धागा. दोन प्रश्न. सरावाला खरा डेटा कुठून घ्यायचा? रुग्णांची लाइन लिस्ट (एका ओळीत एक रुग्ण अशी यादी) बाहेरच्याला मिळणार नाही आणि मिळूही नये. दुसरं, पोर्टफोलिओत किती कामं ठेवावीत?

आकडेमोड

@उजळाईवाडीवरून, कामं तीन पुरेत. पण तिन्हींच्या सोबत कच्ची फाईल, साफ केलेली फाईल आणि मध्ये काय-काय बदललं याची अर्ध्या पानाची नोंद हवी. मुलाखत घेणारा जाणकार असेल तर तो ही नोंद आधी वाचेल, आलेख नंतर बघेल.

उघडा डेटा भरपूर आहे. आयडीएसपीच्या संकेतस्थळावर साप्ताहिक उद्रेकांचे अहवाल पीडीएफमध्ये असतात : जिल्हा, आजार, रुग्ण, मृत्यू, सुरुवातीची तारीख, कळवल्याची तारीख, शेरा. टॅब्युला हे मोफत साधन वापरून तक्ते बाहेर काढता येतात. शेऱ्याचा रकाना लांबलचक असल्यामुळे एक ओळ चार-पाच ओळींत तुटते. ज्या ओळीत उद्रेकाचा क्रमांक नाही ती वरच्या ओळीला जोडायची, एवढा एक नियम लावला की बहुतेक तक्ता सरळ होतो. यातून एक उपयोगी आलेख निघतो : उद्रेक सुरू झाल्यापासून कळवला जाईपर्यंत किती दिवस गेले. ते अंतर प्रत्येक उद्रेकासाठी एक ठिपका म्हणून मांडा आणि मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) दाखवा. सरासरी नको, कारण दोन-तीन फार उशिरा कळलेले उद्रेक तिला ओढून नेतात. आणि एक ध्यानात ठेवा, हा कळवलेल्या उद्रेकांचा डेटा आहे. जास्त उद्रेक कळवणारा जिल्हा जास्त आजारी असेलच असं नाही, तिथली यंत्रणा जास्त जागी असू शकते. हे वाक्य आलेखाखाली छापा.

दुसरा स्रोत एनएफएचएस-५ म्हणजे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हा पत्रकं. सर्वेक्षण २०१९-२१ चं, पण महाराष्ट्रातलं काम कोविडच्या आधी २०१९ मध्येच झालं. आलेखावर नुसतं '२०२१' लिहिलं तर वाचणारा त्यात कोविडचा परिणाम शोधत बसतो. त्या तक्त्यांत कंसातले आकडे २५ ते ४९ नमुन्यांवर उभे असतात आणि २५ पेक्षा कमी नमुने असले तर आकड्याऐवजी तारांकन असतं. फाईल आयात करताना कंसातल्या आकड्याचं एक्सेल ऋण संख्येत रूपांतर करतं आणि तारांकनाचं कोणीतरी शून्य करून टाकतं. दोन्ही चुका आलेखात सुरेख दिसतात, म्हणून सापडत नाहीत. आयात करण्याआधी तो रकाना मजकूर म्हणून ठरवा, कंस काढा आणि 'नमुना कमी' असा वेगळा रकाना करा. आलेखात अशा ठिपक्याला पोकळ वर्तुळ द्या.

एनएफएचएस-४ शी तुलना करताना जिल्ह्यांच्या हद्दी तपासा. ते सर्वेक्षण २०११ च्या जनगणनेतल्या ६४० जिल्ह्यांवर झालं. पालघर २०१४ मध्ये ठाण्यातून वेगळा निघाला. म्हणजे ठाण्याचा जुना आकडा पालघरसकट आहे आणि नवा पालघरशिवाय. कोल्हापूरला हा त्रास नाही, पण राज्याचा तक्ता करणाऱ्याला आहे.

टीसीएल_पावडर

पोर्टफोलिओतलं तिसरं काम साथीचा वक्र असावं, म्हणजे एपिडेमिक कर्व्ह. या क्षेत्रात येणाऱ्याला हा झोपेतून उठवलं तरी काढता आला पाहिजे. खरी लाइन लिस्ट नको, ८०-१०० काल्पनिक रुग्णांची स्वतः तयार करा आणि वर ठळक 'काल्पनिक' लिहा.

रकाने : क्रमांक, वय, लिंग, गल्ली किंवा प्रभाग, लक्षणं सुरू झाल्याची तारीख, दवाखान्यात आल्याची तारीख, नमुना घेतल्याची तारीख, निकाल, पाण्याचा स्रोत. नाव आणि मोबाईल नंबर ठेवूच नका, सवय पहिल्यापासून लागू दे. वक्र नेहमी लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेवर. दवाखान्याच्या तारखेवर काढला की रविवारी खड्डा आणि सोमवारी उंचवटा दिसतो. तो ओपीडीचा असतो, रोगाचा नव्हे.

स्तंभाची रुंदी आजाराच्या अधिशयन काळाच्या (संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ) साधारण एक चतुर्थांश धरा. कॉलऱ्याचा काळ काही तासांपासून ५ दिवसांपर्यंत, तिथे एक दिवसाचा स्तंभ. हिपॅटायटिस ई म्हणजे दूषित पाण्याची कावीळ, तिचा २ ते १० आठवडे, सरासरी ५-६. तिथे एक आठवड्याचा स्तंभ. दिवसाचा काढला तर दात पडलेल्या कंगव्यासारखं काहीतरी दिसतं आणि आकार कळत नाही. एक्सेलमध्ये स्तंभांमधली फट शून्यावर आणा, कारण काळ सलग असतो. ज्या दिवशी रुग्ण नाही तो दिवसही आडव्या अक्षावर हवा. पिव्होट टेबल (एक्सेलचा सारांश तक्ता) रिकामे दिवस गाळून टाकतं, म्हणून तारखांची पूर्ण यादी आधी वेगळी करा आणि काउंटइफने मोजा.

आता वक्राकडून काम करून घ्या. समजा काविळीचा पहिला रुग्ण १ जुलैचा आणि शिखर २२ जुलैला. पहिल्या रुग्णापासून किमान काळ म्हणजे २ आठवडे मागे गेलं की १७ जून. शिखरापासून सरासरी ५ ते ६ आठवडे मागे गेलं की १७ ते १० जून. दोन्ही बोटं एकाच आठवड्याकडे जातात. तो आठवडा वक्राच्या डावीकडे फिकट पट्टीने रंगवा आणि त्या पट्टीवर लिहा : 'पाणी दूषित झाल्याचा संभाव्य काळ, १० ते १७ जून'. आता ग्रामपंचायतीत जाऊन त्या आठवड्यातली गळतीची, व्हॉल्व्ह दुरुस्तीची आणि टीसीएल (ब्लिचिंग पावडर) टाकल्याची नोंद मागता येते. ओटी टेस्टचं म्हणजे पाण्यातलं क्लोरिन तपासायच्या चाचणीचं रजिस्टर बघता येतं. नळाच्या पाण्यात उर्वरित क्लोरिन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर लागतं. त्या दिवसांत ते होतं का, हा प्रश्न नेमक्या तारखेवर विचारला जातो. आलेखाचा उपयोग इथे होतो.

दुसरा तक्ता गल्लीनिहाय हल्ला दराचा, म्हणजे राहणाऱ्यांपैकी किती टक्के आजारी पडले त्याचा. एका भागात ५५ रुग्ण पण राहणारे १,१००, म्हणजे ५ टक्के. दुसऱ्यात रुग्ण ४० पण राहणारे ३२०, म्हणजे १२.५ टक्के. नुसती संख्या बघितली तर पथक आधी चुकीच्या गल्लीत जाईल.

शिरोळचा_मळा

वक्राबद्दल एक जोड. साथ चालू असताना शेवटचे काही दिवस नेहमी उतरलेले दिसतात, कारण आज आजारी पडलेला माणूस परवा दवाखान्यात येतो आणि त्याची नोंद आणखी दोन दिवसांनी चढते. शेवटच्या स्तंभांवर करड्या रंगाची तिरकी रेघ मारा आणि 'नोंदी अपूर्ण' असं लिहा. एवढं केलं नाही तर 'साथ आटोक्यात' अशी बातमी दुसऱ्या दिवशी छापून येते आणि चार दिवसांनी तोच स्तंभ दुप्पट होतो. लोकांचा विश्वास एकदा गेला की तो परत मिळवायला फार दिवस जातात.

उजळाईवाडीवरून

धन्यवाद टीसीएल दादा, फार मोलाचं. तारखांचाच प्रश्न आहे. एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसतात. बिघाड नेमका कुठे असतो?

आकडेमोड

संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकेची असते तेव्हा हे होतं. ०५/०७/२०२३ म्हणजे आपली ५ जुलै, एक्सेल तिला ७ मे समजतं आणि तारीख म्हणून उजवीकडे टेकवतं. १८/०७/२०२३ ला अठरावा महिना नसतो, म्हणून ती मजकूर बनून डावीकडे राहते. डावीकडच्या तारखा निदान डोळ्यांना दिसतात. उजवीकडच्या चुकलेल्या असतात आणि दिसत नाहीत. फाईल डबल क्लिकने उघडू नका. डेटा मेनूतून मजकूर किंवा सीएसव्ही आयात करा, तारखेचा क्रम दिवस-महिना-वर्ष असा सांगा आणि एन्कोडिंग ६५००१ यूटीएफ-८ निवडा, म्हणजे मराठी गावांची नावंही फुटत नाहीत.

याच जातीची दुसरी चूक वयोगटांची. रकान्यात १-४ लिहिलं की भारतीय मांडणीत १ एप्रिल होतं, ५-९ चं ५ सप्टेंबर. मुलांच्या आजारांच्या तक्त्यात सगळ्यात लहान दोन गटच गायब होतात. '१ ते ४ वर्षे' असं शब्दांत लिहा.

आठवड्यांचंही सांगून टाकतो. साथरोगाचा आठवडा सोमवार ते रविवार. एक्सेलचं वीकनम (आठवड्याचा क्रमांक देणारं सूत्र) रविवारपासून मोजतं, म्हणून आयएसओवीकनम वापरा. पण वर्ष वेगळं काढताना जपा. १ जानेवारी २०२३ हा रविवार होता, म्हणजे तो २०२२ च्या ५२ व्या आठवड्यात जातो. वर्ष थेट तारखेतून घेतलं तर '२०२३ चा ५२ वा आठवडा' तयार होतो आणि जानेवारीचे रुग्ण डिसेंबरात जाऊन बसतात. त्या आठवड्यातल्या गुरुवारचं वर्ष घ्यायचं, मग चुकत नाही.

फाईलमध्ये कोणी देवनागरी अंक टाईप केले असतील तर आर या सांख्यिकीच्या भाषेत त्याचं रूपांतर रिकाम्या किमतीत होतं. पायथनचं साधं इंट (मजकुराची संख्या करणारी आज्ञा) मात्र '१२' ला बारा म्हणून वाचतं.

नकाशावाचक

आता नकाशांबद्दल, कारण सगळ्यांना आधी तेच करायचं असतं.

क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर मोफत आहे आणि जिल्हा पातळीच्या कामाला पुरून उरतं. हद्दीची फाईल बहुधा ईपीएसजी ४३२६ (नकाशाच्या निर्देशांक पद्धतीचा क्रमांक) मध्ये म्हणजे अंशांत असते. क्षेत्रफळ, अंतर किंवा ५०० मीटरचं वर्तुळ काढायचं असेल तर आधी ईपीएसजी ३२६४३ मध्ये म्हणजे मीटरांत बदला. कोल्हापूर यूटीएमच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतं. अंशांतल्या फाईलवर ५०० चा बफर दिला की ५०० अंशांचं वर्तुळ होतं आणि पडदा एका रंगाने भरून जातो.

रंगवलेल्या नकाशात फक्त दर भरायचा, संख्या नाही. आणि दर भरताना लहान आकड्यांना फार जपायचं. २०११ च्या जनगणनेत गगनबावडा तालुका ३६ हजारांच्या आसपास, कोल्हापूर शहरासह करवीर १० लाखांच्या वर. समजा एखाद्या आजाराचे गगनबावड्यात ३ रुग्ण आणि करवीरमध्ये ६०. दर निघतो लाखामागे ८.३ आणि ५.८. नकाशावर गगनबावडा गडद लाल होतो. पण ३ रुग्णांचा ९५ टक्के विश्वास अंतराळ (खरा दर ज्या मर्यादांत असण्याची शक्यता आहे तो पट्टा) काढला तर तो लाखामागे १.७ पासून २४ पर्यंत पसरतो, करवीरचा ४.४ ते ७.४. म्हणजे गगनबावड्याबद्दल आपल्याला या आकड्यांवरून फारसं काही सांगता येत नाही, आणि आपण त्यालाच सर्वांत ठळक रंग दिला. एक रुग्ण कमी झाला असता तर तोच तालुका करवीरच्या खाली गेला असता.

उपाय आहेत. तीन वर्षांचे आकडे एकत्र करा, किंवा जिओडा या मोफत साधनात एम्पिरिकल बेज स्मूदिंग (लहान तालुक्याचा डळमळीत दर सरासरीकडे ओढून घेणं) करा, किंवा नकाशा सोडून बारा आडव्या रेघांचा ठिपके-आलेख करा आणि प्रत्येक ठिपक्याला विश्वास अंतराळाची मिशी (दोन्ही बाजूंची रेघ) लावा. मला तिसरा सर्वांत प्रामाणिक वाटतो.

दर महिन्याला नकाशा निघणार असेल तर रंगांच्या पायऱ्या आधीच ठरवून गोठवा. क्यूजीआयएसमधला 'नॅचरल ब्रेक्स' दर वेळी नव्या पायऱ्या पाडतो. मग रुग्ण निम्मे झाले तरी कोणीतरी तालुका गडद लालच राहतो आणि तिथल्या डॉक्टरांना दर महिन्याला विनाकारण उत्तर द्यावं लागतं.

गडहिंग्लजकर

नकाशावाचक, ठिपके-आलेखाबद्दल थोडं असहमत. बैठकीत बसलेल्या माणसाला आजरा, भुदरगड, चंदगड एकमेकांना लागून आहेत हे नकाशात एका नजरेत दिसतं. बारा रेघांच्या यादीत ते शेजारपण हरवतं. हिरण्यकेशीच्या काठची गावं लागोपाठ पेटायला लागली तर ते नकाशातच कळेल. शिवाय लोक नकाशात आधी आपला तालुका शोधतात, म्हणजे निदान बघतात तरी.

नकाशावाचक

शेजारपणाचा मुद्दा मान्य. तेव्हा दोन्ही शेजारी ठेवा : डावीकडे छोटा नकाशा, उजवीकडे ठिपके, दोन्हीकडे तोच रंग. पण नदीकाठची साथ बघायची असेल तर तालुक्याची हद्द कामाचीच नाही. नदी हद्द बघून वाहत नाही. तिथे गावांचे ठिपके, नदीची रेघ आणि पाणी उपशाची ठिकाणं टाका.

पंचगंगाकाठ

नदीचा विषय निघालाच आहे तर पुराच्या आलेखाबद्दल लिहितो. २०१९ आणि २०२१ नंतर आपल्याकडे हा आलेख दर पावसाळ्यात लागतो. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. बहुतेक जण एकाच चौकटीत डावीकडे फुटांचा आणि उजवीकडे लेप्टोच्या (दूषित पाणी-चिखलातून होणारा लेप्टोस्पायरोसिस) रुग्णांचा अक्ष लावतात. दोन अक्षांच्या आलेखात मोजपट्टी ताणून किंवा आवळून कुठल्याही दोन रेषा एकमेकींवर बसवता येतात, म्हणून त्यावर भरवसा ठेवू नये. वर-खाली दोन पट्ट्या करा, आडवा अक्ष एकच. वरच्या पट्टीत पाणी पातळी आणि ३९-४३ च्या दोन रेघा. पाणी ४३ च्या वर होतं ते दिवस दोन्ही पट्ट्यांतून खालपर्यंत फिकट निळ्या रंगात उतरवा. खालच्या पट्टीत लक्षणं सुरू झाल्याच्या तारखेनुसार लेप्टोचे रुग्ण. लेप्टोचा अधिशयन काळ २ ते ३० दिवस, बहुधा ५ ते १४. त्यामुळे रुग्ण वाढतात ते पाणी ओसरून लोक घरं साफ करायला लागतात तेव्हा आणि त्यानंतर. निवारा केंद्रं बंद झाली म्हणून सर्वेक्षणही थांबवलं तर हाच उंचवटा नोंदीतून निसटतो. आलेखावर निळ्या पट्टीच्या पुढचे १४ दिवस चौकटीने दाखवले की घरभेटी कधीपर्यंत चालू ठेवायच्या हे बैठकीत वेगळं पटवून द्यावं लागत नाही.

टीसीएल_पावडर

रंगांबद्दल एक. पाणी स्रोतांच्या तपासणीनंतर ग्रामपंचायतींना लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. गावपातळीवरच्या प्रत्येक आरोग्यसेवकाला हे रंग पाठ आहेत. तुमच्या डॅशबोर्डवर हिरवा रंग 'सर्वाधिक रुग्ण' साठी वापरलात तर कोणी खालची सूची वाचणार नाही, उलटाच अर्थ घेतला जाईल. मात्र लाल-हिरव्यावर एकट्यावर अवलंबून राहू नका. तो फरक न दिसणारी माणसं असतात आणि बैठकीची कागदपत्रं काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये फिरतात. रंगासोबत चौकटीत अक्षर घाला. आलेख पूर्ण झाला की त्याची झेरॉक्स काढून बघा. वाचता आला तर पास.

आणि चित्र व्हॉट्सॲपवर जाणार हे धरूनच करा. उभं, १०८० पिक्सेल रुंद, एका चित्रात एकच गोष्ट, शीर्षकात निष्कर्ष. 'डेंग्यू रुग्ण २०२४' यापेक्षा 'जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून डेंग्यू दुप्पट' हे शीर्षक काम करतं. अर्थात आकडे तसं म्हणत असतील तरच. तक्ता असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फोटो म्हणून पाठवलेला दाबला जातो आणि बारीक अंक पुसट होतात.

कळंबा_फाटा

मराठी अक्षरं तुटण्यावर कोणी लिहील का? मॅटप्लॉटलिबमध्ये (पायथनचं आलेख काढायचं साधन) 'शिरोळ' चा पहिला इकार श च्या उजवीकडे जातो आणि 'हातकणंगले' लिहिलं तर चौकोन येतात.

आकडेमोड

दोन वेगळे बिघाड आहेत. चौकोन येतात कारण निवडलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता बसवा आणि नाव स्पष्ट द्या. इकार चुकतो आणि जोडाक्षरं सुटी पडतात, कारण अक्षरं जोडणारं इंजिन मॅटप्लॉटलिबमध्ये मुळात नव्हतं. एमपीएलकैरो हा बॅकएंड वापरला की ती नीट जुळतात. आर भाषेत जीजीप्लॉटचं चित्र रॅग या डिव्हाईसने साठवा, जोडाक्षरं अचूक येतात. शोटेक्स्ट या पॅकेजने येत नाहीत. पॉवर बीआयमध्ये निर्मला यूआय हा फॉन्ट चालतो.

जुन्या फाइली श्रीलिपी किंवा कृतिदेव या युनिकोड नसलेल्या फॉन्टांमध्ये असतात. त्या युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय शोध, जुळणी, गाळणी काहीच चालत नाही. बदलल्यावर र्‍य, क्ष, ज्ञ आणि रफार असलेली गावं डोळ्यांनी तपासा, कन्व्हर्टर तिथेच घसरतात.

गडहिंग्लजकर

नोकऱ्यांचं कोणी स्पष्ट लिहिलं नाही. 'डेटा व्हिज्युअलायझेशन तज्ज्ञ' अशी जाहिरात जिल्ह्यात शोधत बसू नका. हे काम वेगळ्या नावांखाली असतं : डेटा मॅनेजर, सांख्यिकी अन्वेषक, सनियंत्रण व मूल्यमापन अधिकारी, साथरोगतज्ज्ञ. राष्ट्रीय आरोग्य अभियानातली पदं कंत्राटी, साधारण ११ महिन्यांच्या करारावर, पुढे नूतनीकरण. जाहिराती जिल्हा परिषदेच्या आणि अभियानाच्या संकेतस्थळावर येतात. पात्रता पदागणिक बदलते, म्हणून अर्हतेचा परिच्छेद दोनदा वाचा. एमएस-सीआयटी आणि टायपिंगचं प्रमाणपत्र नसल्यामुळे अर्ज छाननीत बाद होणं हे टाळता येण्यासारखं नुकसान आहे. कोल्हापूर महापालिका आणि २०२२ पासून इचलकरंजी महापालिका यांचे आरोग्य विभाग जिल्हा परिषदेपासून वेगळे आहेत, तिकडेही लक्ष ठेवा.

पुढचं शिक्षण घ्यायचं असेल तर मुंबईत देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, एनएफएचएस तीच करते. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत आणि चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेत सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी आहे. सांख्यिकीवाल्याने तिथे साथरोगशास्त्र शिकावं, डॉक्टर-नर्सने सांख्यिकी. दोन्ही बाजू कळणारी माणसं कमी आहेत आणि त्यांची गरज मोठी आहे.

घरबसल्या सुरुवात करायची तर वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतल्या आकृत्या हे एक काम आहे. जर्नलांना बहुधा ३०० डीपीआयची टिफ किंवा व्हेक्टर पीडीएफ लागते, पॉवरपॉइंटमधून उचललेलं चित्र परत येतं. आकृती करून द्या, निष्कर्ष लिहून देऊ नका. ती रेष ओलांडली की विद्यार्थ्याचंही नुकसान आणि तुमचंही.

शिरोळचा_मळा

साधनांची निवड मी अशी करेन : तालुका पातळीवर एक्सेल, कारण तुम्ही रजेवर असाल तेव्हा ती फाईल दुसऱ्या कोणालातरी उघडता आली पाहिजे. जिल्हा पातळीवर आढाव्यासाठी पॉवर बीआय. दर आठवड्याला तोच अहवाल पुन्हा काढायचा असेल तर आर, कारण त्यात कुठलं पाऊल कधी उचललं हे लिहिलेलं राहतं आणि चूक सापडली तर एका जागी दुरुस्त होते.

रिकामा रकाना आणि शून्य यातला फरक मात्र तिन्हींत स्वतः सांभाळावा लागतो. पोर्टलवर अहवाल न आलेलं केंद्र आणि खरोखर एकही रुग्ण नसलेलं केंद्र दोन्ही आलेखात सारखीच कोरी दिसतात. अहवाल न आलेल्या केंद्राला आडव्या रेघांची जाळी द्या आणि वर कोपऱ्यात '७४ पैकी ६८ केंद्रांचा अहवाल' अशा नमुन्याची ओळ कायम ठेवा. उदाहरणातले आकडे काल्पनिक आहेत.

टीसीएल_पावडर

गोपनीयतेवर कोणी लिहिण्याआधी मीच लिहितो. एचआयव्हीची माहिती २०१७ च्या कायद्याने गोपनीय आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ चा. पण कायद्याच्या आधी साधी गोष्ट बघा : दीडशे उंबऱ्यांच्या गावावर टीबीचा एक ठिपका ठेवला की संध्याकाळपर्यंत पारावर घर ओळखलं जातं. पाचपेक्षा कमी रुग्ण असतील तर आकडा न देता '५ पेक्षा कमी' लिहा. आणि एकच गाव लपवून तालुक्याची बेरीज छापू नका, वजाबाकीने तो आकडा लगेच निघतो. आणखी एक गाव झाका. पॉवर बीआयची फाईल बाहेर देताना लक्षात ठेवा, पडद्यावर न दिसणारी मूळ लाइन लिस्ट आत तशीच असते. एक्सेलच्या पिव्होटमध्येही, आकड्यावर डबल क्लिक केलं की रुग्णांची पूर्ण यादी नव्या शीटमध्ये उघडते. बाहेर फक्त पीडीएफ.

उजळाईवाडीवरून

शेवटचा अडथळा. क्यूजीआयएसमध्ये तक्ता जोडला तर बारापैकी सातच तालुके रंगतात. पाच पांढरे.

नकाशावाचक

नावांवर जोडलंय, म्हणून. करवीरचं इंग्रजी स्पेलिंग एका फायलीत आय लावून असतं, दुसरीत डबल ई. गगनबावडा जनगणनेत नुसता 'बावडा' म्हणून येतो. शाहूवाडीत व्ही की डब्ल्यू, हातकणंगलेत किती ए, हे प्रत्येक कार्यालयाचं वेगळं. नावामागची एक अदृश्य मोकळी जागाही जुळणी मोडते, ट्रिम चालवा. कायमचा उपाय म्हणजे कोड. जनगणना २०११ मध्ये राज्य २७, जिल्हा कोल्हापूर ५३०, त्याखाली तालुक्याचे कोड. पंचायतींसाठी लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीचे कोड वेगळे असतात, दोन्हींची सरमिसळ करू नका. बारा ओळींचा एक तक्ता करा : जनगणना कोड, डिरेक्टरी कोड, मराठी नाव आणि आजवर भेटलेली सगळी स्पेलिंगं. कोडचा रकाना दोन्ही फायलींत मजकूर आहे की संख्या तेही बघा. एकात मजकूर आणि दुसऱ्यात संख्या असेल तर बाराच्या बारा पांढरे राहतात. तुमचे सात जुळले, म्हणजे फक्त पाच नावं दुरुस्त करायची आहेत.